बांधावर बसलेल्या सात जणी

गेल्या जुलैतल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, आमच्या सोयाबीनच्या बांधावर खुरपी घेऊन बसलेल्या सात बायकांवर अन्याय झाला. करणारी मी.

इकडे कॅनडात, बर्नाबीत, तेव्हा रविवारची संध्याकाळ होती. दिवसभर ब्लूबेरीच्या मळ्यांवर पत्रकं वाटून मी नुकतीच बेसमेंटमधल्या खोलीवर आले होते. मालकांनी तोडणीला यंत्र आणलं आणि हातानं फळं तोडणाऱ्या बायकांना गेटवरूनच परत पाठवलं, म्हणून ती पत्रकं. मजकूर माझाच: 'न सांगता काम काढून घेणं म्हणजे पोटावर पाय देणं!' उरलेल्या गठ्ठ्याला फोन टेकवून मी बाबांचा व्हिडिओ कॉल घेतला.

रानात तणनाशक फवारायला ड्रोन आला होता. कल्पना माझी, बुकही मीच केलेला, इथूनच.

"बघ, अर्ध्या तासात रान उरकलं!" बाबा म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

मग बाबांनी फोन फिरवला आणि बांध दिसला. आमच्याकडे दरवर्षी खुरपणीला येणारी टोळी, नाकाला पदर लावून बसलेली.

"बाबा, त्यांना सांगितलं नव्हतंत?"

"मला वाटलं तू सांगशील. बुकिंग तुझं."

टोळीची म्होरकी मावशी फोनजवळ आली. लहानपणी मी तिच्याच कडेवर बसून रानात जायचे.

"पोरी, लई भारी पाखरू धाडलंस. आमचंच काम खाऊन गेलं की!"

मागच्या बायका हसल्या.

"मावशी, चुकलंच..."

"आगं, शनवारी सांगितलं आसतंस तर वरच्या वाडीचं खुरपान सोडलं नसतं आमी. तुमचं ठरल्यालं म्हनून न्हाई म्हनलं. आता तितं दुसरी टोळी लागली."

मी काय केलं? "नेटवर्क जातंय," म्हणाले आणि कॉल कापला. नेटवर्क उत्तम होतं.

त्या आठवड्यात त्यांना कुठंच काम मिळालं नाही, हे नंतर आईकडून कळलं. मावशी आता तालुक्याच्या खानावळीत भांडी घासते. आणि मी? पुढच्या रविवारी तीच पत्रकं वाटली, तोंड वर करून. मावशीला अजून फोन केलेला नाही. धीर होत नाही, एवढंच त्याचं कारण.

तुमचंही तिकडे रान असेल आणि ते तुम्ही इथून फोनवर चालवत असाल, तर आजच गावी विचारा: यंदा आपण कुणाचं काम बंद केलं? नावानिशी विचारा. आणि पुढचं यंत्र बुक करण्याआधी त्या बायकांशी बोला. आईबाबांकरवी नको. स्वतः बोला, आणि त्यांना दुसरं काम धरता येईल इतकं आधी बोला.