मॉनिटरवरची हिरवी रेघ

कॉम्प्युटरचा मॉनिटर बिघडला की जळगावातले सगळे शहाणे एकदम जागे होतात. शेजारचा किराणावाला सांगतो, वायर काढून परत खोचा. मेव्हणा येतो आणि मॉनिटरच्या पाठीत दोन थापा मारतो, जणू त्याला ठसका लागलाय. कंपनीच्या हेल्पलाइनवरची बाई गोड आवाजात विचारते, "सर, बंद करून परत चालू केलात का?" नाही बाई, इतका वेळ मी त्याची दृष्ट काढत बसलो होतो! आणि ज्यानं तो विकला तो दुकानदार आधी खोकं मागतो. खोकं माळ्यावर धडधाकट आहे हो, बिघडलाय तो आतला माल. पण खोक्याशिवाय त्याला माल ओळखू येत नाही.

जळगावातच, मेहरूण भागात, घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका करतो. आमच्या खान्देशातली पत्रिका म्हणजे नवरा-नवरी दोन ओळींत आणि बाकी कागदभर भाऊबंद. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, आशीर्वाद, वर बालगोपाळांची फौज वेगळी. एखाद्या चुलत्याचं नाव खाली गेलं तर तो मांडवात येऊन जेवत नाही, उपाशी बसतो, आणि सगळ्यांना ते दिसेल अशा जागी बसतो. गिऱ्हाईक ही नावं वहीच्या फाडलेल्या पानांवर दोन्ही बाजूंनी लिहून आणतं. मग चिवड्याच्या तेलकट बोटानं माझ्या मॉनिटरवर टिचक्या मारत विचारतं, "दखा भाऊ, पडदावर लाल दिखस, नि छापामा नारंगी कसं उनं?" मॉनिटरवरचा लाल आणि कागदावरचा लाल कधीच एक नसतो, हे मी इतक्या वर्षांत एकालाही पटवू शकलो नाही.

नावांची ती पानं मी मॉनिटरच्या वरच्या काठाला जाडजूड लोखंडी चिमट्यानं अडकवायचो. नजर नुसती वरखाली करायची, मान वळवायची नाही. युक्ती माझी स्वतःची, आणि तिचा मला गर्व होता. बाकीचे टाइपिस्ट कागद टेबलावर ठेवून माना मोडून घेतात, त्यांची मला कीव यायची.

माझी मोठी बहीण, आक्का, धुळ्याला असते. आईच्या माघारी माझं माहेरपण तिनंच केलं असं मी म्हणतो, आणि घरचे हसतात. दर नवरात्रात ती आमच्याकडे यायची, दसरा करून जायची, आणि भाऊबीजेला परत यायची. त्या वर्षी खंडेनवमीला तिनं ताट सजवलं. घरातली कात्री, विळी, माझी स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू झालं. मग ती पुढच्या खोलीत आली. प्रिंटरला बोट लावलं, मॉनिटरच्या खालच्या काठावर कुंकवाचा टिळा ओढला, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. ताटात पाण्याचा तांब्या होता. तो मी पाहिला.

दसऱ्याच्या सकाळी मॉनिटर लावला तर उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. सुतासारखी सरळ. रेघ नीट दिसावी म्हणून मी चिमटा काढून बाजूला ठेवला आणि आक्काला हाक मारली.

खोलीत तेव्हा फैजपूरचे एक बापलेक पत्रिकेसाठी बसले होते. त्यांच्यासमोर मी आक्काला काय काय बोललो ते लिहायला आज हात धजत नाही. अडाणी म्हणालो. मशीन म्हणजे महादेवाची पिंड नव्हे, म्हणालो. ती दारातच उभी होती. एवढंच म्हणाली, "मी पानी नही टाकं रे भाऊ. तांब्या ताटमाच व्हता." मी म्हणालो, मग ही रेघ काय आकाशातून पडली? दुपारच्या गाडीनं ती धुळ्याला गेली. आपट्याची पानं तिनं देवापुढे ठेवली होती, ती मला हातात द्यायची राहिली.

भाऊबीजेला ती आली नाही. गुडघे दुखतात म्हणून कळवलं. पुढच्या नवरात्रातही आली नाही, आणि त्या भाऊबीजेलाही नाही. मी मात्र काय केलं? तर त्या गोष्टीचा विनोद केला. जो कोणी रेघेकडे बोट दाखवी त्याला मी रंगवून सांगे, आमच्या आक्कानं मॉनिटरला अभिषेक घातला, दुधाचा घालणार होती, मी वेळेवर पोहोचलो! लोक पोट धरून हसायचे. दोन लग्नसराया मी त्या गोष्टीवर काढल्या. गिऱ्हाइकांना चहापेक्षा ती आवडायची.

मग रेघेच्या शेजारी दुसरी रेघ आली, पडदा थरथरायला लागला, आणि मी मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस तंबाखू मळत मॉनिटरकडे असा बघतो की बिघाडानं घाबरून पळून जावं. मी त्यालाही अभिषेकाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. मागचं झाकण उघडून त्यानं बॅटरीच्या उजेडात सगळं पाहिलं.

"पाणी गेलेलं नाही, भाऊ," तो म्हणाला. "पाणी गेलं तर डाग राहतो, गंज धरतो. आत कोरडं ठणठणीत आहे. कुंकू बाहेरच्या प्लास्टिकवर आहे, आणि तेही खाली. तुमचा बिघाड वरच्या काठाला आहे. तिथं काचेला पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दाब पडून पडून एक सुटली. वर काही अडकवता का?"

मी नाही म्हणालो. तोंडातून आधी नाहीच निघालं. मग त्यानं काठावरचा खळगा बोटानं दाखवला. मी टेबलावरचा चिमटा उचलून तिथं धरला. त्याचे दोन्ही दात खळग्यात चपखल बसले, आणि बरोबर त्याच्याखालून ती हिरवी रेघ सुरू होत होती. मी मेकॅनिकवरच भडकलो, तुम्हाला काय कळतं म्हणालो. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि झाकण लावलं.

त्यानंतरच्या भाऊबीजेला मीच धुळ्याला गेलो. आक्कानं ओवाळलं, जेवायला वाढलं, गुडघ्यांचं सांगितलं. मॉनिटरचा विषय तिनं काढला नाही आणि माझी जीभ उचलेना. एवढ्यात टीव्हीचा आवाज फार झाला म्हणून मी तिला म्हणालो, आक्का, जरा कमी कर. रिमोट तिच्या मांडीजवळच होता. तिनं सुनेला स्वयंपाकघरातून हाक मारली.

सून हात पुसत आली, आवाज कमी केला आणि सहज म्हणाली, "मामा, आई हात लावत नाहीत. मिक्सरलाही नाही, पोरीच्या लॅपटॉपलाही नाही. खंडेनवमीला आता मीच करते सगळं. त्या लांबून हात जोडतात."

"मन्हा हात लागना का मशीन बिघडस," आक्का म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. पाऊस कमी झाला असं सांगावं तसं सांगितलं. तिला ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं जगाला मूर्ख म्हणत बसलेल्या स्वतःची मला किळस आली.

मग मी सांगितलं. पाणी नव्हतं, आक्का. चिमटा होता. माझा चिमटा.

तिनं ऐकून घेतलं. ताटातला दिवा विझत आला होता, त्याची वात बोटानं सारली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मंग आते त्या बठ्ठास्ले कोन सांगी?"

त्या सगळ्यांना, म्हणजे माझ्या गोष्टीवर हसलेल्यांना. तो अभिषेक तिच्यापर्यंत पोहोचला होता. लग्नांतून, पंगतींतून, धुळ्यापर्यंत.

आता मीच सांगतो. नव्या मॉनिटरसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आक्काचं काही चुकलं नव्हतं, माझ्या चिमट्यानं मॉनिटर गेला. कोणी हसत नाही. अर्ध्यातच ते वहीची पानं पुढे करतात आणि म्हणतात, "ते राहू द्या भाऊ, आमची नावं बघा."