पुढच्या पाइपातला उंचवटा

“अक्का, ह्याच्यावर टाकी ठेवू नका बघा.”

हे आपल्या कानडी वळणाच्या मराठीत सांगत होते वेल्डर मल्लाप्पाअण्णा, आणि तो स्टँड त्यांनीच बनवला होता, माझ्या ड्रॉइंगबरहुकूम. शुक्रवारची दुपार होती. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्यांच्या शेडमध्ये मी उभी होते, आणि शेजारी फोन हातात धरून निखिल. त्याच्या घरी सहा फुटी काचेची टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधलेली वस्तू वजन पेलेल की नाही, याचं गणित मांडणं हे माझं काम. बसवनगुडीत माझं ऑफिस आहे, आणि पुण्याहून आलेला, आयटीतला निखिल त्याच गल्लीत तळमजल्यावर राहतो. त्याच्याकडे बंड्या नावाचा ऑस्कर जातीचा मासा आहे. नऊ वर्षांचा, माझ्या तळहाताहून मोठा. तीन फुटी टाकीत वळताना त्याला अंग दुमडावं लागे आणि शेपटी काचेला घासे. शेपटीची जखम चिघळत चालली होती. डॉक्टरांनी निखिलला स्पष्ट सांगितलं होतं, लवकर मोठी टाकी घ्या, नाहीतर हा जगायचा नाही.

“मॅडम, स्टँड ऑनलाइन घेतो ना. रिव्ह्यूज चांगले आहेत,” तो तेव्हा म्हणाला होता.

“टाकी रिव्ह्यूवर ठेवणार आहेस का?” मी म्हटलं आणि काम अंगावर घेतलं.

त्या टाकीत जवळजवळ सातशे लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरली तर वजन टनाला थोडंच कमी. कारखान्यांच्या मोठाल्या शेडची गणितं करणाऱ्या बाईला हे किरकोळ. तरी मी हात राखला नाही. जाड चौकोनी पाइप घेतले, पुढच्या पाइपाला मधोमध जादा पाय दिला, त्याला दोन्हीकडून तिरके आधार दिले आणि सगळीकडे सलग वेल्डिंग लिहिलं. “एवढं वेल्डिंग नको अक्का,” अण्णा तेव्हाच म्हणाले होते. मी म्हटलं होतं, “ड्रॉइंगप्रमाणे करा.”

आता अण्णांनी तीन सारखे वॉशर घेतले. पुढच्या पाइपाच्या दोन टोकांना एकेक ठेवून त्यांवरून दोरा ताणला. “मधला सरकवा.” मी तिसरा वॉशर दोऱ्याखाली सरकवायला गेले. तो जाईना. मागच्या पाइपावर तोच वॉशर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

“वेल्डिंग थंड होताना ओढतंय बघा. तुमचे आधार सगळे खालून. खालची बाजू आखडली, मधे पाइप वर आला.”

“खाली थर्माकोल टाकू ना?” निखिलनं विचारलं.

“थर्माकोल वाळूचा कण सोसतंय. हे नाही सोसायचं.”

लगेच त्यांनी खिडकीची एक जुनी काच त्या पाइपावर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना हळूच हात टेकवले. टक् असा आवाज झाला. काच बरोबर मधोमध चिरली. निखिलचा चेहरा पडला. माझाही पडला असणार, कारण अति तिथे माती ही म्हण मी ज्युनिअर लोकांना फार ऐकवते.

“नवीन करायला किती दिवस?” मी विचारलं.

“स्वल्प थांबा.”

त्यांनी तिरके आधार कापून टाकले; वजनाला मधला पाय पुरेसा होता. गॅसची ज्योत घेतली आणि पाइपाच्या वरच्या बाजूला, उंचवट्यावर, लिंबाएवढा एकच गोल लाल केला. मग त्यावर ओलं फडकं दाबलं. तापलेल्या जागेला फुगायचं असतं, पण आजूबाजूचं थंड लोखंड फुगू देत नाही. म्हणून निवताना ती आधीपेक्षा आखडते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, डोळ्यांनी मात्र कधी पाहिलं नव्हतं. दुसरा गोल. तिसरा. अण्णा पट्टी लावत नव्हते, मोजत नव्हते. एक डोळा मिटून नुसते पाइपाकडे बघत होते.

“सरी, झालं. आता सरकवा.”

वॉशर गेला. दोऱ्याला जेमतेम टेकून, अगदी अलगद गेला. ज्या आगीनं पाइप वाकवला, तिनंच तो सरळ केला होता, आणि तेही या माणसानं सांगितलं तेवढंच. मी अण्णांना वाकून नमस्कार केला. ते ओशाळले आणि चहा मागवायला निघून गेले.

शनिवारी टाकी बसली. पाणी आम्ही टप्प्याटप्प्यानं भरलं, दर टप्प्याला थांबून काचेची कड तपासली. जुन्या टाकीतलं पाणी आणि फिल्टरही त्यातच गेले. रविवारी संध्याकाळी निखिलनं बंड्याला आत सोडलं. अण्णाही मुद्दाम आले होते. बंड्या काचेच्या दिशेनं गेला, सवयीनं अंग दुमडलं आणि थबकला. मग सावकाश, अंग सरळ ठेवून, मोठा गोल घेऊन वळला. शेपटी कुठेच लागली नाही. निखिल डोळे पुसत होता.

हल्ली माझ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली एक ओळ असते: वेल्डिंग किती करायचं, ते करणाऱ्याला आधी विचारावं.