हरसूलपासून पुढे

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. दिवाळी आटोपून मी आणि माझी नणंद सुरगाण्याकडून डोंगराडोंगरानं दक्षिणेला चालत निघालो होतो. पोचायचं होतं हरिश्चंद्रगडाला. कुणाच्या पडवीत, कुठं शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम करत हरसूलपर्यंत आलो आणि तिथं तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन उचललं गेलं. बुटात पाय जाईना. मग चालणं सोडून एसटीनं नाशिक गाठलं आणि तिथून देवळाली कॅम्पला सासूबाईंकडे गेलो.

सासूबाई एकट्या राहायच्या. सासरे तोफखान्यात होते. ते गेल्यावरही त्यांनी कॅम्प सोडला नव्हता.

पहिला दिवस सुखात गेला. कढत पाण्यानं अंघोळ, वरणभात, गादी. दुसऱ्या दिवसापासून मात्र मला घरात बसवेना. सकाळी सरावाच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की खिडकीच्या काचा थरथरायच्या, सासूबाई शांतपणे कणीक मळत राहायच्या आणि मी या खोलीतून त्या खोलीत. पेपर उघडला तर डोळे एकाच ओळीवर घुटमळायचे. सॅक भरली, उपसली, पुन्हा भरली. बाजारात जाऊन उगाचच नायलॉनची दोरी घेऊन आले.

डॉक्टरांनी नणंदेचं नख काढलं आणि बूट घालायचे नाहीत म्हणून बजावलं.

"वहिनी, तू जा," ती म्हणाली. "तू अशी येरझाऱ्या घालत राहिलीस तर मला वेड लागेल."

"एकटी?" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "काही नको. काय ठेवलंय त्या डोंगरात?"

पण सकाळी मी सॅक पाठीवर घेतली, तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. साडी वर खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम.

"त्र्यंबकपर्यंत येते. पुढचं तुझं तू बघ."

"आई, चढ आहे हो."

"असू दे."

एसटीनं परत हरसूलला उतरलो तेव्हा स्टँडजवळ बायाबापड्या गाठोडी घेऊन जीपची वाट बघत बसल्या होत्या. निफाडकडे द्राक्षाच्या बागांत कामाला चाललेल्या. एकीनं माझ्या सॅककडे बघून विचारलं, "तुमी कुठं कामाला?"

"कामाला नाही. चालत चाललोय. त्र्यंबकला."

"गाडी हाय ना त्र्यंबकला!"

"हाय," मी म्हणाले. ती हसली आणि शेजारणीला काहीतरी सांगू लागली. मी घाईनं रस्ता सोडून पायवाटेला लागले.

भाताची कापणी झाली होती. खळ्यावर नागलीची मळणी चालली होती. घरात वाया गेलेलं सगळं एका सकाळीत भरून काढायचं असल्यासारखी मी सुटले. सासूबाई मागे पडायच्या, मी थांबायचे, त्या आल्या की पुन्हा निघायचे.

"पाणी पिऊ दे की जरा," माळावर पोचल्यावर त्या म्हणाल्या आणि सरळ दगडावर बसल्या. मी उभीच.

"बस गं. कोण मागे लागलंय तुझ्या?"

बसले. त्या पाणी प्यायल्या. मग आपण होऊनच बोलायला लागल्या. "झाशी, पठाणकोट, जम्मू. बदलीचा कागद आला की सगळ्या बायका रडायच्या. मीही रडायचे, पण मनातून खूश असायचे. ट्रंका भरायला घेतल्या की बरं वाटायचं. मग हे रिटायर झाले, घर घेतलं, ट्रंका माळ्यावर गेल्या. तेव्हापासून हे असं. ओटा पुसते, पुसलेला पुन्हा पुसते. तुला दोन दिवस बघत होते. वाटलं, ही तर माझ्याहून वाईट."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

रात्री वाटेतल्या एका पाड्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात त्र्यंबकला पोचलो. स्टँडवर नाशिकची गाडी लागली होती. सासूबाईंनी ती सोडली. शेंगदाणे घेतले, माझ्या सॅकचा पट्टा उगाच घट्ट केला. पुढची गाडी आली तेव्हा म्हणाल्या, "पोरीचं ड्रेसिंग आहे. जाते." चढल्या आणि पलीकडच्या खिडकीला बसल्या, त्यामुळे हात हलवताना दिसल्या नाहीत.

पुढे मी एकटीच चालले. इगतपुरीला पोचल्यावर एसटीडी बूथवरून कॅम्पला फोन लावला. नणंदेनं उचलला. पाय बरा होता.

"आई कुठं आहेत?"

"आई घरात असते कुठं आता! शेजारच्या दोघींना घेऊन पांडवलेण्यांवर गेलीय. काल चामरलेणीला गेली होती. वहिनी, काय केलंस तू तिला?"

"मी काही नाही केलं," म्हणाले आणि फोन ठेवला. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग संपत नव्हती. पलीकडे जायचं होतं. मी कडेला या पायावरून त्या पायावर होत उभी राहिले.