शेजार धरणारं सॉफ्टवेअर

त्या दिवसांत माझं कशातच मन लागत नव्हतं. भिसेगावच्या घरात लॅपटॉप घेऊन ओट्यावरून पलंगावर, पलंगावरून जिन्यात अशी मी फिरायचे, आणि आई म्हणायची, मांजर पिल्लं हलवतं तसं काय चाललंय तुझं?

माझा प्रबंध कर्जत-खालापूरच्या भातावर होता. ज्या गावांत बायकांना सुधारित लावणीचं प्रशिक्षण मिळालं, तिथं पीक वाढलं का, एवढाच प्रश्न. ते प्रशिक्षण देत गावोगाव फिरली ती माझी आईच. कॉलेजातल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं, वाढलं, चांगलंच वाढलं. आईला सांगितल्याबरोबर तिनं गल्लीभर पेढे वाटले.

मग गाइड सरांनी विचारलं, ही गावं एकमेकांना लागून आहेत ना? झालं! माझी झोपच उडाली. नेहमीचं सॉफ्टवेअर प्रत्येक गाव सुटं धरतं. पण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं एका गावातून दुसऱ्या गावात जातं, शेजारची पिकं सारखी निघणारच. ती सुटी धरली की नसलेली खात्री दिसते.

म्हणजे शेजार धरणारं सॉफ्टवेअर हवं. एक होतं बटणांचं, सोपं. नकाशा दिला की ज्यांची शीव लागते त्यांना ते आपोआप शेजारी करायचं. अरे, पण मधे डोंगर आहे त्याचं काय? दुसरं फुकटचं, पण सगळं हातानं टाइप करा, आणि एक स्वल्पविराम चुकला की ते लाल अक्षरांत खेकसायचं. त्यात मात्र कोण कुणाचा शेजारी, हे मला सांगता येत होतं. खरं सांगू? जुनंच ठेवावं, सरांना काहीतरी पटवावं, असंही मनात येऊन गेलं. पेढे तर केव्हाच पचले होते.

चिडचिड करत दुसरं घेतलं. कालव्यानं जोडलेली गावं जोडून दिली, चालवलं, आणि आईच्या शिकवण्याची वाढ हातातून निसटली. आई शिकवायची उन्हाळी भाताच्या लावणीत, चिखलात उतरून. कालवा नसलेल्या कोरड्या गावांतल्या बायका तोवर वीटभट्ट्यांवर गेलेल्या. तिला भेटायच्या त्या कालव्याकाठच्याच. आता वाढ शिकवण्याची की पाण्याची, कसं सांगणार?

आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, शेजारच्या गावच्या बाया सावडीला यायच्या, आज त्यांनी आमच्यात लावायचं, उद्या आमी त्यांच्यात. बघून त्याही शिकल्याच असतील. तसं असेलही. पण पाणी आणि बायका एकाच बांधावरून जातात, कुणी काय नेलं ते माझ्या आकड्यांना दिसत नाही.

"मग माझं काय लिवलंस?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही, असं लिहिलंय."

सॉफ्टवेअर मी बरोबर निवडलं होतं, आणि आईकडे बघवत नव्हतं. तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"पेढे वाटलेत गं मी," ती म्हणाली. "आता लोकांना काय सांगू?"