कौलांवरचा धूर

पद्माक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी साताऱ्यात गहू निवडत बसले होते. सूप मांडीवर तसंच राहिलं... पद्माक्का माझी मावसबहीण. लहानपणीच विधवा झालेली, आष्ट्याला भावाच्या घरी राहणारी. आता ते गाव मी कुणाबरोबर बघायचं?

स्वातंत्र्य मिळाल्यावर मी आष्ट्याला गेले, तेव्हा पद्माक्कानं मला गावभर हिंडवलं. ऊस तुऱ्यावर आलेला, ऊन कलतं, गुऱ्हाळाचा गोड वास... सगळं अर्धवट झोपेतल्यासारखं. "ह्या वढ्यातनं पोरं उसात शिरायची," ती सांगत होती, "आन् त्या पारावर पोलीस बसायचं." बेचाळीसनंतर तिचा धाकटा भाऊ नेमूही भूमिगत झाला होता. घरापाशी आल्यावर मात्र ती मान वर करून कौलांकडे बघू लागली.

घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून चूल विझायची. नेमू अंधार पडल्यावर यायचा आणि झाकून ठेवलेल्या भाकरी घेऊन जायचा. एकदा मात्र तापानं फणफणून दिवेलागणीलाच आला. "अक्का, काय तरी गरम दे गं," म्हणाला. तिला राहवेना. तिनं विझलेली चूल पुन्हा पेटवून पेज शिजवली. जैनाच्या घरातनं त्या वेळी धूर! पारावरच्या पोलिसांना आणखी काय हवं? नेमूनं पेज संपवली न संपवली तोच त्याला धरून नेलं.

"मीच धरून दिला गं माझ्या भावाला," ती म्हणायची. नेमू तुरुंगातून सुटून धडधाकट घरी आला, तरी हिचं आपलं तेच! मी चिडायचे. नेमू थट्टा करायचा, "अगं अक्का, इंग्रज गेला की! पेटव चूल, कर पेज. तेवढ्या पेजेवर तर जगलो मी." ती हसायची, पण दिवस मावळल्यावर चूल काही पेटवायची नाही. उलट रोज ती विझवून अंगणात यायची, मान वर करून कौलांकडे बघायची आणि धूर नाही ना, एवढं बघूनच आत जायची. फार जीव तुटायचा माझा.

परवा मी तिथं गेले. दिवस मावळायला आला तसं नेमूनं स्वतः चुलीवर पाणी शिंपडलं. मग अंगणात येऊन तो कौलांकडे बघत उभा राहिला. धूर केव्हाच विरला होता.

"चल रे आत," मी म्हटलं.

"थांब ताई," तो म्हणाला. "अक्काचं बघून होऊ दे..."