पारूमावशीचा जवळा आणि माझ्या लेकीचा प्रँक

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, तरी लिहितेय.

आमच्या रेवदंड्यात अंगणात जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, सुकत घातला असला की माणसं वळसा घालून जातात. एवढंसं पोरसुद्धा त्यावर पाय देत नाही. आज दुपारी माझी नऊ वर्षांची सानवी शेजारच्या पारूमावशीच्या जवळ्यावर चपला घालून नाचली. लाथांनी उडवला. तिची मैत्रीण मोबाइलवर शूटिंग करत होती.

मावशी ओरडत आली, "अगो, खायाचं हाय ना ते!"

तर ही हसत म्हणते, "आजी, प्रँक होता! कॅमेऱ्यात बघ ना!"

मावशी खाली बसून मातीतला जवळा वेचायला लागली. ते बघून माझा तोल सुटला. सानवीला ओढत घरी आणलं. नवरा म्हणाला, "दिवसभर फोनवर गेम खेळते ना, त्याचा परिणाम आहे हा. तिचा फोन काढून घे." मी फोन कपाटात कोंबला, वर गेम बनवणाऱ्यांना चार शिव्याही हासडल्या.

मग सानवीला विचारलं, "हे असलं कुठे बघितलंस?"

रडत म्हणाली, "तूच दाखवलास ना तो व्हिडिओ. भाजीवालीची टोपली लाथेनं उडवतात तो. तू किती हसलीस!"

रविवारी तो व्हिडिओ या ग्रुपवर मीच टाकला होता. हसून लोळणाऱ्या इमोजी तुम्ही टाकल्या होत्या. त्या बाईची भाजी नंतर कोणी वेचली, हा प्रश्न आपल्यातल्या एकाला तरी पडला होता का?