हात काढून लिही

माझं नाव परमेश्वर आणि धंदा झेरॉक्सचा. नेकनूरच्या बसस्टँडसमोर दुकान आहे. वह्या, पेनं, आधार कार्डाच्या नकला, आणि फेब्रुवारी उजाडला की गाईडाची पानं बारीक करून काढायची. इतकी बारीक की तळहातात अख्खा धडा मावावा. कुणाला नाक मुरडायचं असेल त्यानं मुरडावं. मी कुणाला बोलवायला जात नाही. त्यात पोरं कमी आणि बापच जास्त येतात. एकानं तर मला विचारलं होतं, "आजून बारीक न्हाई का होत बे? पोराचा खिसा लहान हाय."

आणि माझ्याच डोक्यावर, दुकानावरच्या खोलीत, विजयमालाबाईंची शिकवणी. खाली नक्कल, वर अक्कल, असं गाव आम्हाला हसायचं. बाईंनी मला कधी उपदेश केला नाही. एकदाच म्हणाल्या, "परमेश्वर, तुमचं मशीन वर ऐकू येतं. पोरांना गोंगाटात लिहायची सवय होतेय. चालू द्या." तो टोमणा होता की शाबासकी, हे मला आजवर कळलेलं नाही.

बाई डी.एड. झालेल्या. तरुणपण सगळं एका विनाअनुदानित शाळेत गेलं. आज कायम करतो, उद्या कायम करतो, असं म्हणत संस्थेनं त्यांचे केस पांढरे होऊ दिले आणि जागा अध्यक्षांच्या सुनेला दिली. बाई भांडल्या नाहीत. खडूचा डबा टेबलावर ठेवून निघून आल्या आणि माझी वरची खोली भाड्यानं घेतली. लग्न त्यांनी केलं नाही की झालं नाही, हे विचारायची गावात कुणाची छाती नाही.

हुशार पोरं बीडला क्लासला जायची. बाईंकडे यायची ती शाळेनं मागच्या बाकावर ढकललेली. बाईंची रीत निराळी. आलेल्या पोराला काही दिवस वहीच उघडू द्यायची नाही. सकाळपासून काय केलंस ते सांग, म्हणायच्या. पोरगं गप्प. बाईही गप्प. शेवटी पोरगं कंटाळून म्हणायचं, "म्हैस पाजली." कुठं पाजली? पाण्यात बसली का? उठवलीस कशी? अशी ती म्हैस तासभर चालायची, आणि मग बाई म्हणायच्या, "आता हेच लिही." गाईडातला 'माझा आवडता प्राणी' तिथे चालत नसे.

आणि दुसरी गोष्ट हाताची. पोरगं ढ आहे का हे बघायचं असेल तर त्याला लिहिताना बघा. डावा हात आडवा, त्यावर मान टाकलेली, वही झाकलेली. आपलं चुकलेलं कुणी बघू नये म्हणून ही सगळी धडपड. बाई जवळ जाऊन तो हात उचलून बाजूला ठेवायच्या. "हात काढून लिही. चोरी करतोस का?" दिवसातून पन्नास वेळा ते वाक्य जिन्यावरून खाली यायचं. त्यांचं म्हणणं असं की एकदा हात निघाला की भीती निघाली, बाकी सगळं मागून येतं.

योगिताचा हात निघायला फार दिवस लागले. ती धनगरवस्तीवरची, सटवा मेंढक्याची पोरगी. बाप मेंढरं घेऊन फिरणारा, त्यामुळे तिची अर्धी शाळा रानात बुडालेली. आली तेव्हा नाव विचारलं तरी ओढणी तोंडात धरायची, आणि लिहायला बसली की तीच ओढणी वहीवर. सहावीत आलेली ती पोरगी नववीत गेली तेव्हा ताठ बसून, वही मोकळी टाकून लिहायला लागली. दहावीच्या वर्षी तर खालच्या वर्गातल्या पोरांना तीच सांगायची, हात काढ म्हणून. तिला नर्स व्हायचं होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात आजीपाशी राहिली होती तेव्हा तिनं पाहिलं होतं की सिस्टर कागदावर लिहून ठेवतात आणि मोठे डॉक्टर येऊन ते वाचतात. आपण लिहिलेलं डॉक्टर वाचतो, या गोष्टीचं त्या पोरीला फार अप्रूप होतं. दहावी झाली की अंबाजोगाईला अकरावी सायन्स, हे तिनं आणि बाईंनी पक्कं केलं होतं.

परीक्षेत मराठीच्या पेपराला शेजारच्या रांगेत, हाताच्या अंतरावर, अमरसिंह बसला होता. अमरसिंह म्हणजे आप्पांचा मुलगा. आप्पा आमच्याकडचे बागायतदार आणि पुढारी. त्यांच्या पत्नी सुंदरबाई कधीकाळी जिल्हा परिषदेवर होत्या. अमरसिंहाच्या मोज्यात माझ्याकडच्या चिठ्ठ्या होत्या. पण त्या दिवशी भरारी पथकाची गाडी फाटकातच दिसली आणि बिचाऱ्यानं सगळा माल खिडकीबाहेर फेकला. मग करणार काय? शेजारी बघितलं. इतर पोरी पेपरावर आडव्या पडलेल्या. ही एकटी ताठ, हात बाजूला, पान उघडं. अक्षर असं की लांबून वाचावं. अमरसिंहानं निबंध कानामात्रेसकट उतरवून घेतला.

दुकानात आलेल्या पोरांकडून कळल्यावर बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. "घेऊ दे. त्यानं आपलं काय बिघडतं?" मला तेव्हाच राग आला होता. बाईंनी पोरीला झाकायचं विसरायला लावलं, पण कधी झाकावं हे शिकवलं नाही. माझ्या धंद्याच्या माणसानं असलं बोलावं, हे शोभलं नसतं.

निबंध होता 'मी अनुभवलेला प्रसंग'. योगितानं लिहिलं होतं की माघात एका पहाटे मेंढी अडली, कोकरू आडवं आलं होतं, आईनं हाताला गोडं तेल लावून ते फिरवलं. कोकरू निपचित होतं. आईनं त्याच्या नाकात फुंकलं, त्याला चोळीत पोटाशी धरलं आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली. आता हेच सगळं आप्पांच्या मुलाच्या पेपरातही होतं. म्हणजे सुंदरबाई, ज्या देवाच्या दर्शनालाही गाडीच्या काचा वर करून जातात, त्या पहाटे चोळीत कोकरू घेऊन मेंढवाड्यात बसलेल्या! तपासणाऱ्यानं दोन्ही पेपर वर पाठवले. निकाल लागला तेव्हा दोघांचा राखून ठेवला होता, आणि चौकशीला हजर राहा असं बोर्डाचं पत्र आलं.

बाई घाबरल्या नाहीत. उलट खूश झाल्या. "बरं झालं. समोर बसवून लिहायला लावतील. दोन ओळीत कळेल कुणाचं काय ते." आयुष्यभर जिला कुणी न्याय दिला नाही, तिला न्यायावर एवढा विश्वास असावा, याचं मला नवल वाटत होतं.

आप्पा बाईंकडे आले नाहीत. ते सरळ वस्तीवर गेले. कळलं तसं बाईंनी मला मोटारसायकल काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा सटवा मेंढवाड्याच्या जाळीला, वाघुरीला, गाठ मारत बसला होता. योगिता चुलीपाशी होती. आई बायडाबाई मेंढरांना पाणी दाखवायला गेली होती.

"आप्पा काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणत्यात? पोरीनं म्हणावं, म्या बघून लिवलं. पोरीचं काय, पुन्ना बसंल परीक्षेला. त्यांच्या पोराला लातूरला घालायचं हाय."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

सटवानं गाठ पक्की केली. "बाई, पावसाळ्यात मेंढरं कुठं बसवू? निम्मं रान आप्पाचं, अन् निम्मं आप्पाच्या शब्दातलं. त्यांनी न्हाई म्हणलं तर गायरानातबी कुणी उभं करत न्हाई. तुमी पोरीसाठी लई केलं. पण मेंढरं तुमच्या शिकवणीत बसवू का?"

बाई चुलीपाशी गेल्या, योगिताच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला जे खरं माहीत आहे ते लिही. भिऊ नकोस." योगितानं मान हलवली. तेवढ्यावर बाई समाधानानं परत आल्या. वाटेत मला म्हणाल्या, "ती बोलेल. मी ओळखते तिला."

चौकशीला शहरात आम्ही चौघं एसटीनं गेलो. बाई, योगिता, बायडाबाई आणि कचेऱ्यांची माहिती म्हणून मी. आप्पांची गाडी आधीच लागली होती. सुनावणी घेणारे साहेब बरे होते, म्हणजे खरंच बरे. आवाज चढवला नाही. दोघांना दोन टेबलांवर बसवलं, कोरे कागद दिले आणि सांगितलं, त्या निबंधाबद्दल जे सांगायचं ते लिहून द्या. बाईंना आत बसू दिलं. मी दाराशी, बायडाबाई बाहेर बाकावर.

अमरसिंहानं निबंध तोंडपाठ केला होता. कागदावर ओतला आणि पेन खाली ठेवलं. योगिता लिहीत राहिली. ताठ बसून, न थांबता. बाईंच्या तोंडावर असा आनंद होता की मीही क्षणभर फसलो. मला वाटलं, चला, सटवाची मेंढरं गेली खड्ड्यात, पण पोरगी जिंकली.

साहेबांनी कागद घेतला आणि आमच्यासमोर वाचला. योगितानं लिहिलं होतं की परीक्षेत तिचं पेन अडलं. ते झटकायला तिनं हात बाजूला केला तेव्हा शेजारचं पान दिसलं. पर्यवेक्षक तेव्हा खिडकीवरची माणसं हाकलायला गेले होते. मग तिनं एकेक वाक्य बघून घेतलं, आणि 'अडली' हा शब्द नीट दिसेना म्हणून दोनदा मान वळवली. साहेबांनी विचारलं, "अगं, पण मेंढ्या तुमच्या घरच्या ना?" तेही पुढे लिहिलेलं होतं. मेंढरं तेव्हा आप्पांच्या रानात बसली होती. अमरसिंहाच्या आई माघात हुरड्याला रानात आल्या होत्या. मेंढी अडली तेव्हा त्यांनीच हाताला गोडं तेल लावलं, त्यांनीच कोकराच्या नाकात फुंकलं आणि ते चोळीत पोटाशी धरलं. अमरसिंह कंदील धरून उभा होता, आणि त्याचा हात थंडीनं कापत होता म्हणून उजेड हलत होता.

साहेबांनी कागद खाली ठेवला. त्यांना पटलं होतं. का पटू नये? मला माहीत असून डोळ्यांपुढे तो कंदील दिसत होता.

"साहेब, हे खोटं आहे," बाई उठून म्हणाल्या. "हे तिनं रचलंय."

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "मुलगी स्वतः लिहून देतेय. आणि तिला असं रचता येत असतं तर तिनं बघून कशाला लिहिलं असतं?"

योगिताचा निकाल रद्द, वर पुढच्या परीक्षेला बंदी. अमरसिंहाला पेपर नीट सांभाळायची ताकीद. चोर सुटला आणि त्याला वर सांगितलं की घराला कुलूप लावत जा. मला इतका संताप आला की त्या कचेरीच्या भिंतीवर डोकं आपटावं, पण कुणाचं, ते ठरेना.

बाहेर आप्पा भेटले. गुर्मीत नव्हते, उलट भारावले होते. त्यांनी कागदाचं ऐकलं होतं. "बाई, मानलं तुमाला. काय तयार केली हो पोरगी! आमची धाकटी आरोही आता आठवीत गेली. जूनपासून तिला तुमच्याकडं पाठवतो. असंच लिवायला शिकवा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कावून बे, तोंड कावून पाडलंस?" मी हसून नमस्कार केला. गावात दुकान आहे माझं.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या, मधे योगिता, कडेला बायडाबाई. मी मागच्या सीटवर. गाडी मांजरसुंब्याला आली. मग बाई हळूच म्हणाल्या, "अंबाजोगाई गेली, योगिता."

"ठावं हाय," पोरगी म्हणाली. "बापाला रान पायजे."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमी लिवू दिलं नसतं."

बायडाबाईला लिहिता-वाचता येत नाही. आत काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की नवऱ्याचं काम झालं आणि पोरीनं पुष्कळ लिहिलं. ती पुढे वाकून बाईंना म्हणाली, "बाई, परीक्षेच्या टायमाला योगी मला म्हणली हुती, आई, तुझं लिवलंय म्हून. कोकराचं. म्या वस्तीत समद्यांला सांगितलं. आजबी लिवलं का माझं?"

योगिता मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"न्हाई आई," ती म्हणाली. "आज तू न्हाई त्यात."

"कावून गं?" बायडाबाईनं विचारलं.